काळा चुन्यो, भाजलेला मका

४ जून, मंगळवार

विसरलास ना, कागदा! परवा एवढं घसा फोडून सांगितलं आणि आज बघावं तर कोरा! एर्मिनिया म्हणते, "परवा मी आलेच नव्हते, आजी. भिंतीशी बोलली असशील." असेल. पण मला अक्षर येत नाही तरी सगळं आठवतं. तुला अक्षराशिवाय काही आठवत नाही. मग अडाणी कोण?

एर्मिनिया शेजारची शिंपीण, मी सांगते ते लिहून घेते. पन्नाशीत लिहायला शिकली, तेव्हापासून साऱ्या एल आल्तो शहरानं हिला विचारून श्वास घ्यावा असं हिला वाटतं. नावं तिनं बदलून लिहिलीत. माझी सून देल्मा ही देल्मा नव्हे. माझ्या मुलाचं तेवढं खरं — एद्विन. खोटं घ्यायला जीभ वळेना. वही पिठाच्या डब्यात, तळाशी.

भीतीचं आधी सांगते, नाहीतर थट्टाच करत बसेन. एद्विननं बायकोचं मनगट मोडलं. देल्मा पोरीला — माझ्या नातीला, नाइराला — घेऊन पळाली. आमच्या बायकांच्या मंडळानं तिला लपवलं. मग निघाला मोर्चा! ढोल, भोंगा, आणि शेवटी ती लपली होती त्याच घराच्या दारात सगळ्यांचा हसरा फोटो. फोटो बघून चार दिवसांत एद्विननं ते दार फोडलं. मायलेकी मागच्या भिंतीवरून उडी टाकून वाचल्या. "पुढच्या वेळी जिवंत सोडणार नाही," असं ओरडत गेला म्हणे. पोलीस म्हणाले, घरचं भांडण आहे, घरचा साक्षीदार आणा.

घरचं म्हणजे मी. मी गप्प बसले. लिही, एर्मिनिया. खोडू नकोस.

६ जून

मंडळाची बैठक. माबेल — शिकलेली, आमची पुढारी — म्हणाली, "याहून मोठा मोर्चा काढू!" मीच बोलले. "ढोल आपला, फोटो आपला. दार मात्र तिचं फुटलं."

"मग काय, घरी बसायचं, आजी?"

"बस की. पण जेवायला बस."

आमच्यात शेतावर अंगतपंगत असते. मधे अवायो — आपलं विणलेलं कापड — अंथरायचं, जिनं जे आणलं ते त्यावर ओतायचं, भोवती बसायचं. त्याला ना व्यासपीठ, ना भोंगा. तसंच करायचं ठरलं. एका कापडाभोवती पाच बायका, त्यातली एक शेजारच्या कापडावरही बसणारी. यादी नाही, फोन नाही, अंगठा कुठेही द्यायचा नाही. निरोप जेवणातून. पांढरं चीज — सगळं ठीक. काळा चुन्यो, थंडीत गोठवून तुडवून वाळवलेला बटाटा — धोका, आहात तिथून हला, इकडे येऊ नका. भाजलेला मका — सगळ्या या!

माबेल म्हणाली, "आजी, हे तर भातुकलीसारखं झालं." म्हटलं, "भातुकलीत कुणी मेलेलं ऐकलंयस?"

९ जून, रविवार

पहिली पंगत स्मशानाच्या भिंतीपाशी. मी एकच अट घातली — देल्मा कुठे आहे ते मला सांगायचं नाही. मी त्याची आई आहे. तो समोर बसून सूप पीत "आई" म्हणाला तर माझं तोंड काय करील, मला ठाऊक नाही.

१३ जून

नाइराला भाजलेल्या सातूचं गोड पीठ आवडतं. बोचकं बांधून कापडा-कापडातून पुढे पाठवलं. जून म्हणजे आमचा ऐन हिवाळा, म्हणून जुन्या जाड अवायोत बांधलं. पांघरील पोर.

१४ जून

पांढरं चीज आलं! अख्खं मी खाल्लं. एर्मिनियाला वास दिला.

१७ जून

एद्विन आला. त्याची मिनीबस दारात उभी, चाकांना लांबच्या वस्तीची लाल माती.

दोन वाट्या सूप प्याला. मग म्हणाला, "आई, तुझा तो अवायो कुठंय गं? काळ्या-गुलाबी पट्ट्यांचा. मला पाठीवर बांधायचीस तो."

"कसर लागली. फेकला."

"असं होय. आज एका दोरीवर वाळत होता. तुझं विणकाम मी शंभरात ओळखीन." हसला. लहानपणी हसायचा तसाच! "मी नुसतं बोलणार आहे गं तिच्याशी."

कागदा, फोटोवरून मंडळातल्या पोरींना मी किती टोमणे मारले! आणि मी काय केलं? मला लिहिता येत नाही म्हणतात. मी विणते. आणि माझं लिहिलेलं वाचता येणारा जगात एकच माणूस आहे.

१८ जून

उजाडताच काळा चुन्यो पाठवला. पंगतीत सगळं खरं सांगितलं. वाटलं, थुंकतील तोंडावर. एकीनं माझ्यापुढे गरम बटाटा ठेवला, बस.

१९ जून

चीज नाही. दोनदा दारापर्यंत जाऊन आले.

२० जून, गुरुवार

माबेल धापा टाकत आली. "आजी, चुन्यो काल रात्री पोचला, पण त्यांना निघता येईना. त्याची बस सकाळपासून गल्लीच्या तोंडाशी उभी आहे."

"कोणती गल्ली?"

"तूच म्हणाली होतीस, सांगू नका —"

"आता सांग!"

मका भाजायला घेतलाय. अर्धा करपला. एर्मिनिया, पुरे कर, चूल बघ!

२१ जून

चाळीस कापडं. देल्माच्या दारापासून बसपर्यंत गल्ली भरली. बटाटे, मका, मासे, सगळं जमिनीवर मांडलं आणि भोवती बसलो. घोषणा नाही, ढोल नाही. बसपाशी पहिलं कापड माझं.

अन्नावर पाय ठेवून आमच्यात कुत्रंही जात नाही. माझा सगळा भरवसा त्यावर.

एद्विन उतरला. हातात जॅकची सळई. "आई, ऊठ. लोक बघतायत."

"बस, जेव," म्हटलं. "बटाटे गरम आहेत."

त्यानं पाय टाकला. माझ्या कापडावर. माझ्या बटाट्यांवर. पायाखाली बटाटा फुटल्याचा आवाज मी ऐकला. तोवर, कागदा, अगदी तोवर, मनात कुठेतरी मी म्हणत होते — नुसतं बोलेल.

चाळीस कापडांवरच्या बायका एकदम उठल्या, दारापर्यंत त्याला जाऊच दिलं नाही. सळई एर्मिनियानं काढून घेतली. तिच्या दोन बोटांना पट्टी आहे, म्हणून आज अक्षर वाकडं.

२३ जून, रविवार

काल पोलिसांत गेले. घरचा साक्षीदार म्हणून अंगठा दिला. शाई अजून निघालेली नाही.

एद्विन कोठडीत आहे, तिथं जेवण घरच्यांनीच पोचवायचं असतं. एर्मिनिया, तू नेऊन दे. सूप नको. चीज तर नकोच. काळा चुन्यो दे, डबा भरून, वर थोडं मीठ. त्याला तो नुसता बटाटा वाटेल. वाटू दे. गरम असतानाच ने.