गाद्यांची खोली आणि मधे बोलणारी बाई

मी, गादीवाल्यांची विधवा, चौथी पास, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी माझं तपासलं, मी त्यांचं.

१. राहतं घर मुलाला, पुढच्या खोलीचं खाली सांगते. बँकेतली शिल्लक मुलगा-मुलीला निम्मी निम्मी. भांडलात तर जावई मोजेल, त्याला ती हौस आहे.

२. दाभणं आणि मोठी कात्री कोपऱ्यावरच्या शिंप्याला. कधीपासून डोळा ठेवून आहे. घे बाबा एकदाची!

३. पुढची खोली. चारी भिंतींना गाद्या रचल्यात, रस्त्यावरचा हॉर्नसुद्धा आत येत नाही. तिथे माझी नात, म्हणजे मुलाची मुलगी, गल्लीतल्या पोरापोरींना आपापल्या घरच्यांच्या गोष्टी फोनवर रेकॉर्ड करायला शिकवते. रविवारी सगळे मिळून ऐकतात. मुलगा म्हणतो, "आई, गाद्या विकू, खोली दुकानाला देऊ. गप्पांना कशाला हवी खोली?"

हे होते तेव्हा नातीने पहिली गोष्ट आजोबांची घेतली. हे सांगत होते, मी मधे मधे बोलत होते. पोरीने शहाणपणा करून माझा आवाज तेवढा कापला. ऐकते तर काय, आमचे हे एकटेच ओरडतायत, "गप गं! गिऱ्हाइकाच्या गादीत चष्मा मी नाही, तू शिवलास!"

पोरं म्हणाली, "आजोबा भुताशी भांडतात?"

म्हटलं, "भूत अजून जिवंत आहे. परत घाला त्याला!"

तेव्हापासून खोलीचा नियम आहे, मधे बोलणाऱ्याला कापायचं नाही.

४. जाऊबाई सांगत फिरतात की तो चष्मा त्यांनी शोधला. त्यांचंही रेकॉर्ड करा, सबंध ठेवा. फक्त माझं त्यांच्यानंतर लावा.

५. खोली मुलाच्या नावे, पण एक अट. दुकानाला देण्याआधी त्याने आत बसून, पोरांसमोर, आपल्या वडिलांची एक गोष्ट सांगायची. तोवर खोली पोरांची. ते गेल्यापासून तो उंबऱ्यावरूनच बोलतो, आत टेकत नाही. बाळा, आई आहे मी, कळतं मला. सांगताना रडू आलं तर येऊ दे, तेही कापायचं नाही. त्यानंतरही गाद्या हलवाव्याशा वाटल्या तर खुशाल हलव.

पैज लावते, नाही हलवणार. हरले तर वर येऊन सांग. घाई नाही.

साक्षीदार: डॉक्टर, शेजारचे घड्याळजी (उशिरा आले).
ठिकाण: गाद्यांची खोली.
तारीख: वकील घालतील. मला वार ठाऊक आहे, रविवार. पोरं दारात उभी आहेत.
सही: मधे बोलणारी बाई