शनिवारचं माकड आणि माझं अजिबात न घाबरणं

७ फेब्रुवारी १९७६, शनिवार
मारुतीला गेले. पायरीवरच्या लाल तोंडाच्या माकडाला नेहमीप्रमाणे केळं दिलं. अर्धं. अर्धं कमळेसाठी ठेवलं, चार वर्षांच्या पोरीला पुरतं. माकडाला ही काटकसर पटली नाही. पदराआडचं ओढायला आलं आणि मनगटाला चावलं. रक्त आलं. पुजारीबुवांनी मूर्तीवरचा तेल-शेंदूर लावला. साबण कशाला? प्रसादच समजायचा. घाबरले नाही. ह्यांना सांगायचं नाही, उगाच कापडाचा लूम बंद ठेवून डॉक्टरकडे नेतील.

८ फेब्रुवारी, रविवार
खारबावहून मामेभाऊ हिरामण जेवायला आला. मुंबईत औषधांचं संशोधन चालतं तिथं माकडांच्या पिंजऱ्यांवर ड्युटी असते त्याची. जेवताना आपणहून सांगायला लागला, ताई, ह्या लाल तोंडाच्यांच्या तोंडात हर्पिसचा व्हायरस असतो बघ. त्यांना काय न्हाय होत, ओठावर फोड येतो नि जातो. माणसाला चावलं तर आधी मुंग्या, मग फोड, ताप, मग मेंदू. मी विचारलं, मग? म्हणाला, मग काय, भात वाढ.
वाढला. वाढताना डाव हातातून पडला. तो डाव मुळातच निसटता आहे.

९ फेब्रुवारी
हिरामण गप्पिष्ट. लहानपणी विहिरीत मगर पाहिल्याचंही सांगायचा. मी मॅट्रिक. हातात मुंग्या आहेत, पण हात उशाला घेतल्यामुळे.
तरी कमळेला काही लागू नये म्हणून ताट, तांब्या, अंथरूण वेगळं केलं. सासूबाईंनी विचारलं, काय गो, कावळा शिवला काय? म्हटलं, नाही, मारुतीचं कडक व्रत धरलंय. एकवेळ जेवण, कोणाला शिवायचं नाही. हे खोटं नव्हे. बोलले त्या क्षणी धरलंच.

११ फेब्रुवारी
कमळा गळ्यात पडायला धावत आली. ओरडले तिच्यावर. दारातच बसून रडली. म्हटलं, आईचा उपास आहे, शिवू नको, आजीकडे जा. गेली.
संयम चांगला जमतोय. डोळ्यांत पाणी आलं ते चुलीच्या धुराने. आज स्वयंपाक स्टोव्हवर होता. कालचा धूर असेल.

१४ फेब्रुवारी, शनिवार
देवळात गेले नाही. भीतीने नव्हे. कडक व्रतात उंबरा न ओलांडणं उत्तम.
शेजारच्या गुणाबाई नारळ घेऊन आल्या, लांबूनच नमस्कार केला. वैनी, काय तेज आलंय तुमच्या तोंडावर! तो घाम होता. आशीर्वाद दिला. आतून सासूबाई म्हणाल्या, तेज कसला, गालफाडं बसलीत तिची.

१७ फेब्रुवारी
आमटीत मीठ दोनदा पडलं. मेंदू! मग आठवलं, लग्नाच्या पहिल्या वर्षीही पडलं होतं. बरं वाटलं. खात्रीसाठी पाढे म्हणून पाहिले. एकोणतीसला अडकले. शाळेतही तिथंच अडकायची. म्हणजे मेंदू जसा होता तसाच आहे.

२१ फेब्रुवारी, शनिवार
उद्यापासून घाबरणं पूर्ण बंद. म्हणजे घाबरत नाहीच, पण जे थोडंफार असेल ते बंद.
सासूबाईंना सहज सांगून ठेवलं, कमळेला दूध कोमट लागतं, केस विंचरताना मुळाशी धरावे लागतात, ढग गडगडले की तिला जवळ घ्यावं लागतं. म्हणाल्या, मंग मी काय आजवर कोंबड्या पाळल्या? तुजा नवरा कुनी वाढवला? मग माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, तू कुठं निंगालीस गो?
कुठं नाही, म्हटलं.

२५ फेब्रुवारी
सकाळी अंगात कणकण. आरशात पाहिलं. ओठावर फोड. पाण्याने भरलेला.
कमळा दारातून बघत होती. दार लोटून घेतलं.
ह्यांना निरोप धाडला. शिफ्ट टाकून आले. सगळं सांगितलं. मग म्हणाले, माकड चावलं आणि तू मला आज सांगतेस? आवाज फाटला त्यांचा.
एकदाच लिहिते. घाबरले आहे. मला मरायचं नाही.

२६ फेब्रुवारी
निजामपुऱ्यातले डॉक्टर. मनगट दाबून, वळवून पाहिलं. जखम भरलीय, तिथं फोड नाही, हाताला जोर आहे. म्हणाले, तो रोग खरा आहे, वाईटही आहे, पण माणसाला फार क्वचित होतो. तुम्हांला झालेला नाही. ते माकड पायरीवर अजून धडधाकट आहे हे ह्यांच्याकडून ऐकून म्हणाले, पिसाळलेलंही नाही. पण चावल्याबरोबर साबण-पाण्याने भरपूर धुऊन लगेच इथं यायचं. शेंदूर कसला फासता?
आणि हा ओठावरचा? हा तुमचा स्वतःचा, म्हणाले. त्याच कुळातला, पण माणसांचा. लहानपणापासून अंगात दडून असतो, उपास, जागरण, धास्ती झाली की वर येतो. आधी कधी आला होता? मॅट्रिकच्या परीक्षेत, म्हटलं. तेव्हा म्हणाले, बाई, काही जातींची माकडं ह्या तुमच्या फोडाने मरतात. त्यांनी तुम्हांला भ्यायला हवं!
हे हसले. कंपाउंडर हसला. मीही हसले, फोड ताणला गेला.
जेवा पोटभर, म्हणाले. आणि खपली पडेपर्यंत पोरीचा मुका घेऊ नका.
संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. गुणाबाईंनी विचारलं, वैनी, मंग माझा नमस्कार फुकटच गेला का?

४ मार्च, दुपारी
खपली पडली. ताट-तांब्या एकत्र केले. अंथरूण जागेवर आणलं. केसांना तेल लावलं, कमळेला तो वास आवडतो.
हाक मारली. ती आजीच्या पाठीला चिकटून निजली होती. हात पुढे केले, ये म्हटलं.
म्हणाली, तुजा उपास हाय ना?
म्हटलं, संपला गं बाई, कायमचा संपला.
आजीचा पदर तोंडावर ओढून घेतला आणि आतून म्हणाली, माजा हाय. शिवू नको.