डावीकडे वळवलेलं हँडल

११ जानेवारी, रविवार

सकाळी बायकोची एटीव्ही, ती रानावनात फिरायची चार चाकांची मोटारसायकल, घरी आली. ज्याच्या टेकाडावरच्या गोठ्यात ती शेवटची गेली होती तो गोठेवाला आणि त्याचा भाऊ ट्रॉलीवर घालून घेऊन आले. शेडमध्ये उतरवली. ही त्या गाडीला रेडा म्हणायची – चार जाड टायर आणि थंडीत उठायची तीच कटकट. जनावरांची डॉक्टर, तिला दुसरं काय सुचणार!

ती जाऊन आठ दिवस झाले.

गोठेवाला निघताना म्हणाला, "गाडी टेकाडावर होती तशीच आणली, साहेब. मीही चोक ओढून पाहिला. हलेना. त्याची मूठच नव्हती."

मूठ माझ्याकडे आहे. दवाखान्याने दिलेल्या पाकिटात घड्याळ, चष्मा आणि ती काळी प्लॅस्टिकची मूठ. तिच्या कोटाच्या खिशात सापडली म्हणे. मूठ उपटून हातात येईपर्यंत तिने चोक ओढला!

१२ जानेवारी

लेक महिनाअखेरपर्यंत राहणार आहे. आज सारखं एकच – "आधीच्याच आठवड्यात मेस्त्रीने सर्व्हिसिंग केलं होतं ना? मग चोक अडकलाच कसा?"

थंड इंजिन चोकशिवाय उठत नाही. इंजिन उठलं नाही म्हणून ही टेकाडावरून पायी निघाली. पाच किलोमीटर, त्या गारठ्यात, औषधांची पेटी खांद्याला. तिकडे फोनला रेंज नाही – ते मला कोणी सांगायला नको. अर्ध्या वाटेत बसली ती बसलीच. हृदय. डॉक्टर म्हणाले, "एवढं चालायला नको होतं त्यांनी."

दुपारी लेक गॅरेजवर जाऊन आली. मेस्त्री एवढंच बोलला – "चुकलं असेल माझं, ताई."

"बघा बाबा, कबूल करतोय! आता दूध संघाला पत्र लिहिते. त्यांच्या सगळ्या गाड्या याच्याकडे असतात. एकसुद्धा राहू देणार नाही."

मी तिला थांबवलं नाही.

१३ जानेवारी

घरात बसवेना. शेडमध्ये गेलो. मूठ तारेवर परत बसवली, पक्कडीने आवळली आणि ओढली.

सरकन आली! पुन्हा आत, पुन्हा बाहेर. दहा वेळा. काही अडत नाही.

मग केबल कार्बोरेटरच्या बाजूने सोडवली. तिथला दट्ट्या मोकळा. आतली तार आवरणात लोण्यासारखी सरकते. गंज नाही, तुटलेला धागा नाही. तरी पातळ तेलाचे चार थेंब सोडले.

मग त्या दिवशी काय झालं?

१५ जानेवारी

थंडीचा दोष असेल म्हणून काल गाडी रात्रभर अंगणात ठेवली. सकाळी सीटवर दव गोठलं होतं. चोक ओढला. आला.

लेकीचं पत्र लिहून तयार आहे. सोमवारी टाकणार.

१६ जानेवारी

सापडलं.

गाडी शेडमध्ये परत घेत होतो. दारातून नीट जावी म्हणून हँडल पूर्ण डावीकडे वळवलं आणि उगाच चोक ओढला. हलला नाही! दोन्ही हातांनी ओढला. नाही. हँडल सरळ केलं – आला. पुन्हा डावीकडे – दगड!

बॅटरी लावून खाली पाहिलं. हँडलखाली दोन पांढरे टाय, वायरी आवळायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या. दिव्याच्या वायरींबरोबर चोकची केबलही घट्ट आवळून बांधलेली. हँडल डावीकडे गेलं की केबल टायपाशी मोडते आणि आतली तार चिमटीत सापडते.

टाय माझे. दोन वर्षांपूर्वीचे. टोकंसुद्धा कापून सपाट केलेली, तिच्या हाताला टोचू नयेत म्हणून.

चौतीस वर्षं टेलिफोनच्या वायरी ओढल्या. लोंबती वायर दिसली की हात शिवशिवतात. ती म्हणायची, "अहो वायरमन, तुमच्या तावडीत सापडली तर नदीलासुद्धा टाय माराल!" एकदा तिने रेडिओच्या वायरचा टाय कापला. मी चार दिवस तिच्याशी बोललो नाही. एवढ्याशा टायसाठी चार दिवस!

टेलिफोनची वायर जागची हलत नाही. ही तार सरकणारी. हिला ढील लागते. इतकं साधं मला कळलं नाही.

गोठेवाल्याला फोन केला. गाडी कशी उभी होती? "पुढचं चाक डावीकडे वळवून दगडाला टेकवलेलं. उतार आहे ना साहेब, बाई नेहमी तशीच लावायच्या. त्या दिवशी त्या निघायच्या आधीच आम्ही दूध घालायला खाली गेलो होतो."

म्हणजे हँडल सरळ करायला आधी गाडी चढावर मागे ढकलायला हवी. दोन माणसांचं काम. ती एकटी.

१७ जानेवारी

पत्र जेवणाच्या टेबलावर होतं. मी ड्रॉवरमध्ये टाकलं.

"बाबा, पत्र पाहिलंत का?"

"नाही."

टाय कापून टाकले तर कोणाला काही कळणार नाही. मेस्त्रीने तर स्वतःच मान्य केलंय. कटर घेऊन शेडमध्ये गेलो. तसाच परत आलो.

१८ जानेवारी, रविवार

लेकीला शेडमध्ये नेलं. हँडल डावीकडे वळवलं आणि म्हटलं, ओढ. तिने ओढला. हलला नाही. मग टाय दाखवले. कोणी बांधले ते सांगावं लागलं नाही. घरातल्या प्रत्येक वायरीला तेच आहेत. पत्र ड्रॉवरमध्ये आहे, ते मात्र सांगितलं.

तिने चोक सोडला. मग आत गेली. ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला, कागद फाटल्याचाही. माझ्याशी बोलली नाही. माझीच लेक.

१९ जानेवारी

मेस्त्रीकडे गेलो. सगळं सांगितलं. तो चिंधीने हात पुसत राहिला.

"माहीत आहे, साहेब. सर्व्हिसिंगलाच दिसलं होतं. टायला कटर लावलासुद्धा होता. बाई म्हणाल्या, राहू दे, त्यांनी बांधलाय. कापलेला दिसला तर चार दिवस बोलणार नाहीत. मी हँडल सरळ करून ओढते, मला सवय झालीय."

"मग माझ्या लेकीला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? आता तुम्ही दोघंच उरलात घरात."

घरी आलो. दोन्ही टाय कापले. केबल लोंबते आहे. लोंबू दे.