बेगायिम एजेंनी बटण दाबलं होतं का?

३ मार्च
बेगायिम एजेंवर, फोनवर बसणाऱ्या आमच्या ताईंवर, बालंट आलंय. रविवारी आमच्या रुग्णवाहिका सेवेला फोन आला, तो त्यांनी घेतला, पण ड्रायव्हरपर्यंत निरोप गेलाच नाही. पेशंट टॅक्सी करून दवाखान्यात पोचला म्हणून वाचला. आमचे साहेब, जोओमार्त बाइके (बाइके म्हणजे दादा), म्हणतात, "बाईनं ड्रायव्हरला निरोप धाडायचं बटण दाबलंच नसणार." एजे म्हणतात, दाबलं. माझा एजेंवर विश्वास आहे. पण विश्वास चालत नाही, लॉग लागतो, म्हणजे कॉम्प्युटरनं ठेवलेली नोंद; आणि ती शोधणं माझं काम.

४ मार्च
लॉग नाही. निरोप पुढे पाठवणारा कंटेनर, म्हणजे प्रोग्राम ज्यात चालतो तो क्लाउडवरचा डबा, मधेच मेला, क्लाउडनं लगेच नवा उभा केला, आणि जुन्याबरोबर त्याच्या नोंदीही गेल्या. बाइके म्हणाले, "सोयीचंच आहे की!" नवरोझपर्यंत, म्हणजे २१ मार्चपर्यंत, पुरावा आणला नाही तर एजेंची नोकरी जाणार. तोवर त्यांना फोनवरून उठवून गोदामात बसवलंय, बँडेजं मोजून रचायला. त्यांच्याकडे चहा घेतला. पेला अर्धाच भरतात, म्हणजे तो पुन्हापुन्हा भरावा लागतो आणि पाहुणा लवकर उठत नाही. मी बराच वेळ बसलो.

६ मार्च
पूर्वी आमची स्वतःची सर्व्हरची खोली होती तेव्हा करायचो तेच केलं — दर मशीनला एक लॉग गोळा करणारा प्रोग्राम. दिवसभर नुसता ताटकळत बसलाय, सुरूच होत नाही. सेझिम, माझ्या शेजारच्या टेबलावरची, मागे येऊन उभी राहिली.
"बसवतोयस कुठे? मशीन आहे का आपलं?"
नाही. मशीन सांभाळायला नको म्हणून तर आपण क्लाउडवाल्यांना पैसे मोजतो.
"भाड्याच्या घरात भिंती पाडायला निघालायस," म्हणाली.

७ मार्च
प्रत्येक कंटेनरला जोडून एक छोटा कंटेनर. मोठा जे बोलेल ते हा उचलून बाहेर साठवतो. मोठा मेला तरी नोंद राहते. जमलं!
पण रविवारचं काही परत मिळणार नाही. एजेंना सोडवायचं तर तेच पुन्हा बिघडायला हवं.

१२ मार्च
काही बिघडत नाही.

१६ मार्च
अजून नाही. बाइके म्हणाले, "बाई हलवली, भानगड मिटली. आणखी काय पुरावा हवाय तुला?" मला रडू यायचंच बाकी होतं.

१९ मार्च
आज बिघडलं! फोनवर नवी मुलगी होती. तिनं बटण दाबलं, कंटेनरची मेमरी संपली, तो मेला, निरोप आतच राहिला. सगळं नोंदीत, ओळीनं. मी खुर्चीवरून उडालोच. सेझिमनं टाळी दिली. बाइकेंनी ते दोनदा वाचलं. "एजेंना सांग, उद्यापासून फोनवर." माफीबिफी काही नाही. चालेल.

१९ मार्च, थोड्या वेळानं
गोदामात जाऊन एजेंना नोंद दाखवली. त्यांनी ती वाचलीच नाही. म्हणाल्या, "मग आजच्या त्या पेशंटकडे गाडी कुणी पाठवली?"
कुणीच नाही. आमच्यातल्या एकालाही सुचलं नव्हतं. एजे हातातलं तिथंच टाकून फोनकडे धावल्या.