भोक पडलेली चादर माझ्यासाठी ठेवावी

मी, अकाइती तामुएरा, वय एकाहत्तर, राहणार माउके बेट, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण या कामाला ते लागत नाहीत. लिहा-वाचायला मी चाळिशीनंतर नवऱ्याच्या बायबलवरून शिकले, म्हणून हा कागद स्वतःच लिहिते. याआधी कुठलेही मृत्युपत्र केलेले नाही, तेव्हा रद्द करण्यासारखे काही नाही.

१. जमीन घराण्याची आहे. ती देणारी मी कोण? घर मात्र माझ्या नवऱ्याने, तामुएराने, आणि मी बांधले. ते माझी मुलगी तुआइने हिला. समुद्राकडची खोली तिची मुलगी पाएरू हिचीच राहील.

२. पाएरू आठ वर्षांची असताना तिचा बाप ऑकलंडला गेला आणि तिकडेच दुसरे लग्न करून राहिला. मग तुआइनेचे विलीशी ठरले. त्या लग्नासाठी आम्ही अकरा बायकांनी जास्वंदीची तिवाएवाए, म्हणजे हाताने शिवलेली फुलांची चादर, चार महिने खपून केली. आदल्या दिवशी पाएरूने मधले, तिच्या आईच्या जुन्या झग्याच्या कापडाचे फूल कापून घेतले. माझी नणंद नूमाआ ओरडली, "बांधा हिचे हात!"

मी विचारले, "का गं असं केलंस?"

"आजी, सगळ्यांना नवी माणसं मिळतायत. मला एक जुनं ठेवू दे की!"

मला सगळ्यांदेखत हसू आले. विली म्हणाला, "सासूबाई, भोकाचीच द्या, नाहीतरी मला उकडतं." तेव्हापासून तो मला आवडतो. तरी भोकाची चादर मी लग्नात दिली नाही; ती माझ्या पेटीत आहे, फूल पाएरूच्या उशीखाली.

३. जिने फूल कापले ती मोठी कात्री पाएरूला. "पोरीच्या हाती नको, दोन दिवस मी ठेवते," म्हणून नूमाआने नेली, त्याला पाच वर्षे झाली. कात्री परत येईपर्यंत माझ्या मयताच्या जेवणात नूमाआला डुकराचे कुरकुरीत कातडे वाढू नये.

४. मी गेले की बाप पाएरूला ऑकलंडला बोलावेल, आणि लग्नानंतर विलीबरोबर रारोटोंगा बेटावर राहायला गेलेली आई तिकडे. दोघेही मायेनेच ओढतील, पण हात पोरीचा दुखेल. माझ्या कबरीशी उभे राहून कोणी काही ठरवू नये. तिला विचारावे. ती "नंतर सांगते" म्हणाली तर नंतर. तोवर नूमाआने या घरी येऊन तिच्यासोबत राहावे. तिचे तोंड तिखट आहे, पण पाएरूच्या तापात तीन दिवस तीच उशाशी बसली होती.

५. तामुएराला मी नव्या कोऱ्या चादरीत गुंडाळून निरोप दिला. नऊ वर्षे झाली, अजून चहाला दोन कप काढते आणि एक परत ठेवते. माझ्यासाठी शिवून ठेवलेली अननसाची चादर पाएरूला द्यावी, ती जिथे जाईल तिथे न्यायला. मला भोकाची चालेल. फूल जोडायला तिच्याकडे मागू नये. तिला एक जुने ठेवायचे होते, ते ठेवू द्यावे.

सही: अकाइती तामुएरा
साक्षीदार: पास्टर इओआने; नर्स मोएरोआ
माउके, १४ मे २०१९

पुरवणी, त्याच दिवशी, त्याच साक्षीदारांसमोर: सकाळी नर्सने हे वाचले, दुपारी नूमाआ आली. बेट लहान आहे. कात्री तिने मला दिली नाही, पाएरूच्या हातात दिली. कातड्याची अट रद्द. बाकी सर्व कायम.

सही: अकाइती तामुएरा
साक्षीदार: वरीलप्रमाणे