अंबिकाच्या चकल्यांची बोहनी

लातूर येथे राहणारी मी, नीलम्मा चंद्रप्पा बेलकुंदे, वय बासष्ट, धंदा डाळमिल, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, माझ्या मर्जीने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. काळजी आहे, पण काळजीला कायद्यात दडपण धरत नाहीत, असं वकीलसाहेब म्हणाले. सोमवारी माझं हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी घाबरू नका म्हटल्यापासून जास्तच भीती वाटते.

१. राहतं घर मुलगा वीरेश यास. तो पुण्यात नोकरीला आहे. घर विकायचं झाल्यास देवघरातला महादेव आधी हलवावा, आणि स्वतः हलवावा, मजुराला सांगू नये.

२. बँकेतली ठेव दोन्ही लेकरांना सारखी. माझ्या पाटल्या मुलगी अंबिका हिला. लग्न ठरल्यावरच द्या, असं कोणी सुचवलं तर ऐकू नये.

३. डाळमिल, सर्व यंत्रांसह, अंबिकाला. इथे जरा सविस्तर लिहिते, वकीलसाहेबांनी माफ करावं.

अंबिका नांदेडला विद्यापीठात शेवटच्या वर्षाला आहे. दोघा भावंडांनी मिलमधल्या पोत्यांवर बसून अभ्यास केला. मशीन बंद पडलं की माझा चेहरा उतरायचा. तो बघून वीरेशने नोकरी धरली. तोच चेहरा बघून अंबिका म्हणायची, मशीन मी दुरुस्त करीन. एकाच घरात असं का व्हावं, हे मला अजून उमजलेलं नाही. पुढे विद्यापीठातल्या बाईंनी धंद्याचं शिकवलं, भोकरची मैत्रीण विशाखा जोडीला आली. डाळ करताना पडणारी चुरी आम्ही जनावरांच्या खाद्याला देतो. ती निवडून, भाजून, दळून या पोरींनी चकल्या केल्या. त्या दिवशी अंबिकाला जेवायचंही भान नव्हतं.

४. भाऊ सोमेश यास काही नाही. त्यामुळे त्याला साक्षीदार होता येतं.

सोमेश आडत बाजारात आहे. त्याच्या हातची बोहनी लाभते, म्हणून विद्यापीठातल्या प्रदर्शनात अंबिकाने पहिलं गिऱ्हाईक म्हणून त्यालाच नेलं. त्याने चकली तळहातावर चुरली, हुंगली, आणि रांगेतल्या पोरांसमोर म्हणाला, "माल हलका हाय. निम्म्यात दे." आमच्या बाजारात खोड काढल्याशिवाय सौदा होत नाही. खोड काढली म्हणजे माणसाला माल घ्यायचाय, हे शेंबडं पोरही जाणतं. पण रांगेतली पोरं बाजारातली नव्हती. त्यांनीही निम्म्यातच मागितलं, आणि बरीचशी न घेताच गेली. अंबिका निम्म्यात देत राहिली. घरी येऊन म्हणाली, "आई, मी बँकेची परीक्षा देते."

नोकरीला मी नावं ठेवत नाही. पण मिल दिली तर ही आईखातर धंदा करील, आणि नाही दिली तर आईचाही भरवसा नाही असं समजेल. दोन्हीकडून मला धडकी भरते. म्हणून लिहिते की मिल चालवण्याची सक्ती नाही. विकावी आणि खुशाल बँकेत बसावं. फक्त मामाच्या एका बोलण्यावरून बसू नये.

५. अंबिकाने पुढे स्वतःचं काही उघडल्यास पहिली बोहनी सोमेशने करावी. ती सांगेल तो भाव द्यावा आणि तोंड बंद ठेवावं.

वकीलसाहेब म्हणतात, मृत्युपत्र माणूस गेल्यावरच उघडतात. म्हणजे हे कलम तिच्या कानावर जाईल तेव्हा ती बँकेच्या कुठल्यातरी शाखेत बसलेली असेल. आज ती माझ्यासोबत वकीलसाहेबांकडे आली आहे. बाहेरच्या खोलीत सगळ्यांना चकल्या वाटते आहे, फुकट. कोणी पैसे देऊ केले की नको म्हणते. मला इथे आत ऐकू येतं. सही वाकडी आली तर ती त्यामुळे, आजारामुळे नाही, याची नोंद घ्यावी.

ठिकाण: लातूर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५
सही: नीलम्मा चंद्रप्पा बेलकुंदे

साक्षीदार:

१. मल्लम्मा, शेजारीण. नीलम्माबाईंनी माझ्यासमोर सही केली.

२. सोमेश, भाऊ. वाचलं. माझ्याबद्दल लिहिलं ते खरं हाय. सही करण्याआधी बाहेर गेलो, बोहनी करतो म्हणालो. भाची म्हणाली, "मामा, भाव वाढलाय." तोंड बंद ठेवलं अन् दिला.