शोभाताईंच्या पाकिटावरचं कुंकू

शुक्रवार, १९ ऑक्टोबर २०१२. क्वीन्सटाउन.

वरच्या मजल्यावरच्या चादरीने आज पुन्हा माझ्या वाळत आलेल्या सदऱ्यावर पाणी गाळलं. इतिहासाने या अत्याचाराची नोंद घ्यावी. भांडायलाच वर गेलो.

शोभाताई टेबलाशी बसलेल्या. ताई अजून अमेरिकेच्याच नागरिक; समोर तिथल्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीची टपाली मतपत्रिका, अजून कोरी, आणि तिच्या पाकिटावर कुंकवाचं बोट. नवरात्रात देवापुढे ठेवली होती म्हणे. त्यांचे यजमान वसंतराव वैतागले होते. "अगं, मतपत्रिका आहे ती, लग्नपत्रिका नव्हे. डाग बघून बाद करतील."

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मला म्हणाल्या, "तुम्ही एवढं वाचता. दोघांतला कोण लढाई आधी थांबवेल? आमच्या निहारची अफगाणिस्तानातली मुदत पुन्हा वाढवलीय."

पोरगा तिथे बंदूक घेऊन उभा, आणि मी काय बोललो? "दोघंही थांबवतील, मतमोजणी होईपर्यंत."

कुणी हसलं नाही. चादरीचं न बोलता खाली आलो.

जेवण गेलं नाही. ते कुंकू डोळ्यांपुढून हलेना. एकाने सैन्य परत आणायचं वर्ष सांगितलंय, दुसरा सेनापतींना विचारून ठरवणार, एवढं तर मला ठाऊक होतं. मग तेवढंच का नाही सांगितलं? कोटी सुचली म्हणून?

पुन्हा वर गेलो. दारातच दोघांचं म्हणणं सरळ सांगितलं. "शब्द पाळतील का, ते मात्र मला माहीत नाही, ताई."

"एवढं पुरे," म्हणाल्या आणि त्यांनी पेन उघडलं.

त्यांचं मत दिसू नये म्हणून मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो.